सुकती किती वाजता?

भूगोलाच्या पेपरात प्रश्न होता, भरती-ओहोटी म्हणजे काय ते सांगून तिचे प्रकार लिहा. चार मार्क. मागच्या बाकावरच्या एका पोराने लिहिलं होतं, "पाणी चढतं ती भरती, उतरतं ती सुकती. प्रकार दोन, उधाण आणि भांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा टाइम येतो. अष्टमीला सहा." बास, एवढंच. आकृती नाही, चंद्र नाही, गुरुत्वाकर्षण नाही, केंद्रोत्सारी प्रेरणा तर लांबच राहिली. मी दोन मार्क दिले, तेही उधाण आणि भांग हे शब्द पुस्तकात आहेत म्हणून. 'सुकती'खाली लाल रेघ मारून वर 'ओहोटी' लिहिलं आणि 'अष्टमीला सहा' च्या पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

मी मूळची कराडची. आमचं पाणी म्हणजे कृष्णा, आणि तीसुद्धा घाटाच्या पायरीवरून बघायची, आत उतरायचं नाही असा वडिलांचा दम. लग्न होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आले, खाडीच्या तोंडाशी एका माध्यमिक शाळेत नोकरी लागली. वर्गाच्या पश्चिमेच्या खिडकीतून समुद्र दिसतो. पावसाळ्यात तर लाटांचा आवाज एवढा येतो की शिकवताना घसा बसतो. आणि त्या खिडकीकडे पाठ करून, निळ्या खडूने, मी फळ्यावर समुद्र काढायचे. अशी पाच-सहा वर्षं काढली आणि मला त्यात काही विचित्र वाटलं नाही, हे आता लिहितानाच विचित्र वाटतंय.

त्या प्रश्नचिन्हाने मात्र माझी झोप घालवली. म्हणजे झोप वगैरे नाही, पण रात्री भांडी घासताना डोक्यात होतंच. कालनिर्णय काढलं आणि हिशोब मांडला. तिथीचा आकडा घ्यायचा, तीनने गुणायचं, चारने भागायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. शुद्ध असो नाहीतर वद्य, हिशोब तोच. एक भरती आली की दुसरी १२ तास २५ मिनिटांनी आणि दोन्हीच्या मधे सुकती. पुस्तकात लिहिलेलं असतं की भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, कारण पृथ्वी एक फेरी मारून येईपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. तेच ना हे! रोज पाऊण तास पुढे. त्याला हे शिकवलेलं त्याच्या आजीने. चंद्राची अख्खी चाल तिने 'पाऊणपट' या एका शब्दात बांधून ठेवलेली आणि मी तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढून आले होते. (छापील कोष्टकाशी ताडून बघितलं तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, बंदराबंदराचा फरक असतो. पण ज्याच्या हातात घड्याळ नाही, फक्त आकाश आहे, त्याला अजून काय पाहिजे?)

दुसऱ्या दिवशी पेपर परत मागून घेतला आणि चार केले. पोराला काही आनंदबिनंद झाला नाही. त्याने एवढंच विचारलं, "बाई, मग टोटल पण बदलेल ना?"

त्यानंतर मला उत्साह आला, आणि उत्साह आलेली मास्तरीण म्हणजे शाळेला ताप. ठरवलं, मुलांना किनाऱ्यावर न्यायचं. वाळूत खेळायला नाही, खडकावर, जिथे पाणी उतरलं की खळग्यांमधे जीव अडकून राहतात तिथे. परवानगीसाठी तीन आठवडे गेले. "समुद्रावर? आणि कोण बुडालं म्हणजे?" हा प्रश्न समुद्रापासून दोनशे पावलांवरच्या शाळेत विचारला गेला. ज्या मुलांच्या जबाबदारीची चर्चा चालली होती त्यातली निम्मी सुट्टीच्या दिवशी होडीतून जातात हे कोणी बोललं नाही, मीही नाही. शेवटी शनिवारी, शाळा सुटल्यावर, बारा वाजता, अशी परवानगी मिळाली.

एकतीस पोरं घेऊन गेले. खडक पाण्याखाली. वाट बघितली. पाणी जरासं हललं, पण खडक काही उघडा पडेना. एक वाजला. भाकऱ्या सोडल्या, शेंगदाण्याची चटणी खाल्ली, उन्हात डोकं भणभणायला लागलं. तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आज अष्टमी. भांग हाय. आज पाणी काय उतरायचं नाय." मी म्हणलं, अगं मग आधी सांगायचं ना! तर म्हणे, "सांगितलं असतं तर तुम्ही ट्रिप कॅन्सल केली असती."

भांगाच्या दिवशी सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, एकमेकांची ओढ कापतात, म्हणून पाणी चढतही कमी आणि उतरतही कमी. हे मी वर्गात आकृती काढून शिकवलेलं. अष्टमीला भरती सहाला म्हणजे सुकती बाराला, म्हणजे बाराची सुकती ती भांगाचीच, हे तर मी माझ्या हाताने कालनिर्णयवर मांडलेलं. आणि तरी शनिवार बाराला खुशाल निघाले, कारण माझ्या डोक्यात शनिवार होता, अष्टमी नव्हती.

मग जरा बसून विचार केला तेव्हा अजून एक मजा लक्षात आली. सगळ्यात जास्त पाणी उतरतं ते उधाणाला, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास. त्या दिवसांत भरती दुपारी अकरा-बारा ते दीडच्या दरम्यान, म्हणजे मोठी सुकती नेहमी पहाटे नाहीतर संध्याकाळी. आमच्या किनाऱ्यावर चांगली सुकती शाळेच्या वेळेत येऊच शकत नाही! वर्षभरात कधीच नाही. आमचं टाइमटेबल आणि समुद्राचं टाइमटेबल यांची गाठ पडायची तर आमच्यापैकी कोणीतरी लवकर उठायला पाहिजे, आणि समुद्र काही उठून बसणार नाही. त्यातल्या त्यात सोयीची तिथी वद्य किंवा शुद्ध द्वितीया. भरती दीडला, सुकती सकाळी सव्वासात-साडेसातला, आणि खरं उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनीच जोरात असतं, त्यामुळे पाणीही झकास उतरतं. तेव्हापासून आमची ट्रिप द्वितीयेला. वार कुठला का असेना.

पहिल्या बरोबर जमलेल्या ट्रिपमधलं एकच सांगते, कारण बाकी सगळं लिहायला बसले तर संपायचं नाही. खडकावर पांढरट टोकदार बारीक शंकू असतात, पायाला कापतात, छोट्या ज्वालामुखीसारखे दिसतात. बार्नॅकल. होडीच्या बुडाला हेच चिकटतात आणि ते खरवडणं हे पोरांचं सुट्टीतलं काम, त्यामुळे त्यांना त्याचा मनापासून राग. एका खळग्यात वीतभर पाणी राहिलेलं, त्यात हे शंकू बुडालेले. मी म्हणलं दोन मिनिटं कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, फक्त बघायचं. पोरं पालथी पडली. आणि एकेका शंकूचं तोंड उघडलं, आतून पिसासारखे बारीक पाय बाहेर आले, पाणी ओढल्यासारखं करून आत गेले, परत बाहेर, परत आत. खरवडणाऱ्या पोरांना हे जिवंत असतं, खातं, हे माहीतच नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी पुढे वाकलं, सावली पडली, आणि सगळी तोंडं फटाफट बंद. मग काय, पुढचा अर्धा तास तोच खेळ. हात आडवा धरायचा, बंद. हात काढायचा, थांबायचं, उघडली. किती सेकंदांनी उघडतात ते एकीने मोजायला घेतलं, दुसरा म्हणाला माशाची सावली पडली तरी बंद होत असतील, तिसरा म्हणाला ढगाची? प्रयोगवहीत जे 'निरीक्षण' आणि 'अनुमान' लिहायचं असतं आणि जे सगळी पोरं गाइडमधून उतरवतात, ते तिथे ओल्या खडकावर पालथं पडून आपोआप चाललं होतं. मी त्यांना सांगितलं की हा शिंपल्यासारखा दिसला तरी खेकड्या-कोळंबीच्या खानदानातला आहे, लहानपणी पोहत फिरतो, मग जागा पसंत पडली की डोक्याकडून चिकटतो आणि जन्मभर तिथेच, पायाने जेवत. आणि डार्विनने आठ वर्षं फक्त यांचाच अभ्यास केला. "आठ वर्षं?" मागच्या बाकावरचा म्हणाला, "नापास झालेला काय?"

हे सगळं चालू असताना मला 'ओशन लिटरसी' हा शब्द माहीतही नव्हता. तो नंतर एका वर्कशॉपमधे कळला. समुद्र साक्षरता. अमेरिकेतल्या काही शिक्षकांना आणि शास्त्रज्ञांना दिसलं की शाळेच्या विज्ञानात समुद्र जवळजवळ नाहीच, म्हणून २००५ मधे त्यांनी सात तत्त्वं मांडली आणि व्याख्या केली की समुद्राचा तुमच्यावर काय परिणाम होतो आणि तुमचा समुद्रावर काय होतो हे समजणं म्हणजे समुद्र साक्षरता. पुढे युनेस्कोने ते उचललं, २०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांचं समुद्रविज्ञानाचं दशक चालू आहे, त्यातही हा विषय आहे. व्याख्या मला आवडली. साधी आहे, दोन्ही बाजूंची आहे. पण वर्कशॉपच्या शेवटी आम्हाला शाळेत लावायला एक पोस्टर दिलं, त्यावर नारिंगी क्लाउनफिश, बर्फावर पेंग्विन, हसरा देवमासा आणि 'समुद्र वाचवा'. मी ते वर्गात लावलं. पोरांनी विचारलं, बाई ह्यातला आपल्याकडे कुठला? मी शोधलं, फार तर देवमासा, तोही लांब समुद्रात. बांगडा नाही, बोंबील नाही, खेकडा नाही, कालव नाही. आणि वाचवा म्हणे. ज्याची ओळखच नाही त्याला कुठून वाचवायचं?

वर्षातून एकदा किनारा साफ करायचा कार्यक्रम असतो. हातमोजे, टोप्या, फोटो. वाईट नाही ते, कचरा उचललाच पाहिजे. पण पोरांच्या डोक्यात समुद्र म्हणजे कचऱ्याची जागा एवढंच बसतं, आणि तासाभराने भरती आली की नवा कचरा येतो, मग त्यांना वाटतं हे सगळं फुकट. कचरा कुठून येतो, पावसाळ्यातच जास्त का येतो, पाण्याचे प्रवाह आमच्याकडे पावसाळ्यात एका दिशेला आणि हिवाळ्यात उलट दिशेला का वाहतात, हे कोणी त्या टोपीबरोबर सांगत नाही.

आणि गंमत बघा, शब्द तर सगळे आहेत आपल्याकडे. पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे, हे कुणा प्राध्यापकाने खुर्चीत बसून काढलेले शब्द नाहीत, होडीवाल्यांचे आहेत. पहाटे जमिनीकडून वारा सुटतो ती मतलई, तिच्यावर बाहेर पडायचं, दुपारनंतर समुद्राकडून वारा आला की त्याच्यावर परत. उधाण, भांग, तेही त्यांचेच. पुस्तकाने शब्द घेतले आणि माणसं गाळली. सुकती हा शब्द मात्र का कोण जाणे, गाळलेल्या माणसांबरोबरच राहिला. इतिहासातही तेच. शिवाजी महाराजांचं आरमार येतं, कान्होजी आंग्रे येतात, सनावळ्या येतात, पण ती गलबतं वाऱ्यावर चालायची आणि पावसाळ्यात बाहेर काढायची सोय नव्हती, खाडीत ओढून ठेवायला लागायची, हे येत नाही. म्हणजे जहाजं आहेत, खाली पाणी नाही.

एकदा असाच विषय निघाला की मुंबईकडे, पालघरकडे डोल जाळी आणि बोंबील, आणि मालवणकडे रापण, असं का. पोरांना वाटायचं तिकडच्या लोकांची पद्धत. नकाशा काढला. आपल्या किनाऱ्यावर गोव्याकडून उत्तरेला जात राहिलं की भरती-सुकतीतला फरक वाढत जातो. गोव्याला दोनेक मीटर, मुंबईला उधाणाला साडेचार मीटरच्या घरात, आणि खंबातच्या आखातात तर दहा मीटरच्या आसपास. तिकडे किनाऱ्यापुढचा उथळ तळ रुंद आहे आणि आखात नरसाळ्यासारखं निमुळतं, त्यामुळे पाणी कोंडून चढतं. एवढं पाणी आत-बाहेर करायचं म्हणजे प्रवाहाला जोर. डोल म्हणजे खुंटांना बांधलेली मोठी पिशवी, ती माशामागे जात नाही, प्रवाहच मासे आणून तिच्यात ओततो. जिथे प्रवाहाला जोर नाही तिथे डोल लावून काय उपयोग? तिथे गावाने मिळून किनाऱ्यावरून रापण ओढायची. एक मुलगा बराच वेळ नकाशाकडे बघत बसला आणि म्हणाला, म्हणजे बोंबील चंद्रामुळे मिळतात. मी म्हणलं, लिही ते वहीत. (बोंबलाची बाकी कारणंही असतील. पण वाक्य खोडायला हात उचलला नाही.)

बांगड्याचा तास मात्र महागात पडला. मार्केटमधून बारा बांगडे आणले, मच्छीवालीने एका सुरमईचं डोकं फुकट दिलं. बाकांवर पेपर पसरले. बांगड्याचं तोंड उघडून आत बघा म्हणलं, गालाच्या आत काय दिसतं? कंगवा. लांब बारीक दात्यांचा कंगवा, तोंड आ केलं की बाहेरूनही दिसतो. सुरमईच्या डोक्यात तसा कंगवा नाही, पण जबड्यात त्रिकोणी करवतीसारखे दात. आता सांगा कोण काय खातं. चार सेकंदांत उत्तर आलं, सुरमई मासे फाडते आणि बांगडा गाळून पितो. काय गाळतो? तर ते दाखवायला नायलॉनच्या जुन्या ओढणीचं नरसाळं शिवून त्याच्या टोकाला बाटली बांधली होती, एकाच्या काकांनी ती होडीमागे ओढून आणलेली, त्यातला थेंब शाळेच्या एकमेव मायक्रोस्कोपखाली. आरसा तडकलेला, तरी दिसलं. काचेचे तुकडे, सुया, आणि मधेच टुणटुण उड्या मारणारं काहीतरी. त्या हिरव्या-तपकिरी ठिपक्यांतून, वनस्पती प्लवकांतून, पृथ्वीवर तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी साधारण निम्मा येतो, हे वाक्य मी दरवर्षी म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा ते वाक्य कुणीतरी ऐकलं.

महागात पडला तो असा की दुसऱ्या दिवशी एका पालकांचा फोन. शाळेत मासळी कशाला? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या घरात खात नाहीत, पोरीला मळमळलं. पुढच्या वर्षीपासून ज्यांना नको त्यांनी व्हरांड्यात मायक्रोस्कोपपाशी बसायचं असं केलं. पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, खारवीवाड्यातली, तिच्या डब्याला वास येतो म्हणून तिच्या शेजारी कोणी बसत नाही. उघड कोणी म्हणत नाही, फक्त बसत नाहीत. त्या तासाला तीच सगळ्यांना शिकवत होती, कल्ले असे उचला, पोट शेपटीकडून कापा, ही गाबोळी, म्हणजे अंडी, ही पित्ताची पिशवी, ही फुटली तर कडू होतं. अर्धा वर्ग तिच्या भोवती. दुसऱ्या दिवशी ती परत एकटीच बसली होती. एका तासात काही होत नाही.

आणि गाबोळीवरून विषय बंदीवर गेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, कारण बऱ्याच माशांचा हा अंडी घालायचा काळ. पूर्वी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही आणि अजूनही काहीजण म्हणतात की पौर्णिमेपर्यंत थांबा. इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग मी पुस्तकी बोलायला गेले, की मोठ्या जाळ्यांनी, पर्ससीनने, एलईडी लाइट लावून मासे पकडल्यामुळे मासळी कमी होतेय. वर्ग एकदम चिडीचूप. मला कळेना काय झालं. मग एक पोरगा उठला, "माझे पप्पा पर्ससीनवर खलाशी आहेत." दुसरा लगेच, "म्हणूनच आमच्या जाळ्यात काय घावत नाय." आणि भांडण. खरोखरचं, धक्काबुक्कीचं.

पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला गोल वेढा घालायचा आणि खालून बटव्याची नाडी ओढावी तसं जाळं आवळायचं. राज्याने फेब्रुवारी २०१६ मधे त्यावर निर्बंध घातले, एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मधे बंदी घातली. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या वर्गात कोणाच्या घरी कुठलं जाळं आहे, ते मात्र माहीत नव्हतं. आणि जे पप्पा खलाशी आहेत त्यांची काय बोट असते? त्यांना हप्त्याला मिळतं ते मिळतं, मालक वेगळा, बहुतेकदा दुसऱ्या गावातला. शहरातल्या शाळेत बसून 'ओव्हरफिशिंग वाईट' म्हणणं सोपं आहे, तिथे वर्गात कोणाचा बाप बसलेला नसतो.

तेव्हापासून एक नियम केला, वर्गात कोणाचा बाप चुकला हे ठरवायचं नाही. त्याऐवजी स्टीलची पट्टी. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली, त्याहून छोटे पकडायचे नाहीत. पापलेटाला १३५ मिलिमीटर. पोरांना म्हणलं, घरी येतो, बाजारात असतो, कुठल्या जाळ्यातला ते विचारू नका, फक्त मोजा. मोजमाप घेऊन आली त्यातले बरेच पट्टीपेक्षा लहान, आणि ते दोन्हीकडचे होते. पर्ससीनवाल्याकडचे आणि दुसऱ्याकडचेही. कोणी काही बोललं नाही. एकाला मच्छीवालीने पट्टीसकट हाकललं, "मापं काढायला आलाय मोठा, घ्यायचा तर घे." पापलेट इतका छोटा विकला जातो कारण तो इतका छोटा घेणारे आहेत, हेही त्यातल्याच एकाच्या वहीत आलं, माझ्याकडून नाही. मी स्वतः किती वेळा घेतलेत ते मला माहितीय.

पट्टीने सगळं होत नाही. काही गोष्टी तर अशा आहेत की त्या न शिकवणं मला गुन्हा वाटतो, आणि त्या कुठल्याच पुस्तकात मला सापडल्या नाहीत. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली डझनाहून जास्त कॉलेजची मुलं बुडाली. इकडे गणपतीपुळ्यालाही पर्यटक बुडाल्याची बातमी आम्हाला नवीन नाही. बुडणारे बहुतेक आमच्या घाटावरचे, माझ्या माहेरच्या बाजूचे. ज्या पोरांना भरती-ओहोटीची व्याख्या चार मार्काला पाठ असते, तीच. किनाऱ्यावर लाटा येऊन पाणी साठतं, ते परत जायला वाट शोधतं, आणि एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात खोल समुद्राकडे जातं. तिथे लाट फुटत नाही, पाणी शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. आमच्याकडे म्हणतात 'तिथे ओढ आहे'. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारायचे नाहीत, दमून जीव जातो. तरंगत राहायचं, हात वर करून हाक मारायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला निघायचं, मग किनाऱ्याकडे यायचं. पट्टा रुंद नसतो. हे शिकवायला पंधरा मिनिटं लागतात. सातारा, सांगली, पुणे, सोलापूर, जिथून जिथून सहलीच्या एसट्या कोकणात येतात त्या प्रत्येक शाळेत निघायच्या आदल्या दिवशी ही पंधरा मिनिटं द्यावीत, मी माझ्या भावाच्या शाळेत जाऊन दिली. त्यांनी शाल-श्रीफळ दिलं. सहल त्या वर्षी महाबळेश्वरला गेली.

आमच्या पोरांची अडचण उलटी. त्यांना ओढ कळते, पण मोबाइलवर जे येतं ते कळत नाही. हैदराबादच्या इन्कॉईसकडून, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, लाटांचा, वाऱ्याचा अंदाज येतो, मासळी कुठे मिळेल त्याचाही येतो. त्यात मीटर, नॉट. नॉट म्हणजे गाठ, बाई? हो, खरंच गाठ. जुने खलाशी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून ठरावीक वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे, तेवढा जहाजाचा वेग. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ४० नॉटचा वारा म्हणजे किती, हे त्यांनीच गुणून काढलं आणि मग कोणीतरी म्हणालं, फयानला किती होता? नोव्हेंबर २००९ मधलं फयान वादळ या पोरांनी बघितलेलं नाही, पण घराघरात त्याची गोष्ट आहे. ३ जून २०२० चं निसर्ग मात्र त्यांना आठवतं, श्रीवर्धनकडे नातेवाईक आहेत, पत्रे, सुपारीच्या बागा, सगळं आडवं. मग समुद्र तापतो म्हणजे काय, आपण वाढवलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त त्यानेच पोटात घेतली, आणि तापलेल्या पाण्यावरच वादळ पोसतं, इथपर्यंत धागा आपोआप जातो. तापमानवाढ हा धडा मी आता फयानपासून सुरू करते.

वेळासलाही एकदा नेलं होतं. तिथे २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांच्या अंड्यांचं संरक्षण चालू आहे, पूर्वी जी अंडी उकरून नेली जायची तीच आता गाव राखतं. पिल्लं पाण्याकडे जाताना बघून सगळ्यांचे डोळे भरून वगैरे आले, पण पोरींना जास्त आवडलं ते हे की वाळू जास्त तापली तर अंड्यातून मादी पिल्लं जास्त येतात आणि कमी तापली तर नर. "म्हणजे आता सगळ्या मुलीच होणार?" एक जण खुश होऊन म्हणाली. मग थोडा विचार करून तिचीच तिला खुशी उतरली.

आता वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, सुविचाराच्या जागी, रोज सुकतीची वेळ लिहितात. पाळीपाळीने. चुकली की वर्ग ओरडतो. सुविचार कुठे गेला म्हणून इन्स्पेक्शनला विचारणा झाली होती, तेव्हा मुख्याध्यापकांनी सांभाळून घेतलं. दोनशे पावलांवरच्या समुद्राची भीती वाटणारे तेच. यंदा ते स्वतः येतायत ट्रिपला, बॅटरी, शिट्टी आणि लांब दोरी घेऊन. शाळेत मासळी कशाला विचारणाऱ्या त्या पालकबाईही येतायत, त्यांनी विचारलंय की चप्पल कुठली घालू. मागे पट्टा असलेली घाला म्हणलं, साधी स्लिपर शेवाळावर टिकत नाही.

परवा वद्य द्वितीया. हिशोबाने सुकती सकाळी सव्वासातच्या सुमारास, म्हणून साडेसहाला जमायचं ठरवलं होतं. चार मार्कवाल्या पोराच्या आजीकडून काल निरोप आला. म्हणे बाईंना सांग, साडेसहा नको, सहालाच या. साडेसहाला मला कालवं काढायला बसायचंय, आणि पोरं आली की माझी पाटी भरत नाय.